रोधकाची निवड व शेतकऱ्याचा हिशेब

ह्या मासिकांत खत, बियाणें, पाणीपाळी व बाजारभाव ह्यांवर लेख यावयाचे; तेथें विजेच्या उपकरणांत बसणाऱ्या एका गव्हाएवढ्या दाण्यावर आम्ही लिहावयास बसलों, ह्याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु आज ज्याच्या विहिरीवर अगर बोअरवर मोटार आहे, त्याच्या शेतांत हे दाणे शेंकड्यांनीं आहेत. स्टार्टरच्या पेटींत, टाकी भरल्याची सूचना देणाऱ्या घंटेंत, सौर दिव्यांत, रानडुकरांसाठीं घातलेल्या झटका कुंपणाच्या यंत्रांत, घरबसल्या मोबाइलवरून मोटार चालूं-बंद करणाऱ्या पेटींत, सर्वत्र ते आहेत. दुकानदार ह्या दाण्यास 'रेझिस्टन्स' म्हणतो, आणि खेड्यांतील कारागीर सरळ 'रजिस्टर' म्हणतो. आमचा सारा जन्म दुसऱ्या प्रकारच्या रजिस्टरांत गेला, त्यामुळें हा शब्द प्रथम ऐकला तेव्हां आमची थोडी करमणूक झाली. शास्त्रीय मराठींत ह्यास रोधक म्हणतात व पुढें आम्ही तोच शब्द वापरूं.

आमचें म्हणणें असें आहे कीं, रोधक हा हातास लागला म्हणून बसविण्याचा पदार्थ नव्हे. तो हिशेबानें निवडावयाचा असतो, आणि हा हिशेब मराठी शाळेंत त्रैराशिक शिकलेल्या कोणाहि शेतकऱ्यास करतां येतो. तो केला जात नाहीं म्हणून रुपया-दोन रुपयांच्या वस्तूपायीं मोटारी जळतात, बॅटऱ्या महिनाभरांत मरतात, आणि 'कार्डच बदला' ह्या एका वाक्यावर शेतकऱ्याच्या खिशांतून मोठी रक्कम जाते.

रोधकाचें काम त्याच्या नांवांतच आहे. उंचावरील टाकींतून नळानें पाणी सोडलें, तर टाकी जितकी उंच तितका जोर अधिक, आणि नळ जितका अरुंद तितकें पाणी कमी. विजेचा दाब व्होल्टांत मोजतात, वाहणारा प्रवाह अँपियरांत, आणि वाटेंतील अडथळा ओहमांत. दाबास रोधानें भागिलें म्हणजे प्रवाह निघतो. हा नियम जर्मनींतील गेओर्ग ओहम ह्या शिक्षकानें १८२७ सालीं प्रसिद्ध केला, व अडथळ्याच्या मापास पुढें त्याचेंच नांव पडलें. पाण्याचा दृष्टांत मात्र येथपर्यंतच चालतो. अरुंद नळ तापलेला कोणीं पाहिला नाहीं; रोधक तापतो. जो दाब तो स्वतःवर घेतो त्यास प्रवाहानें गुणिलें म्हणजे किती वॅट उष्णता निर्माण झाली तें कळतें, व ती उष्णता बाहेर टाकण्याची ताकद त्या दाण्याच्या अंगीं असावी लागते. पाव वॅटचा, अर्ध्या वॅटचा, एक वॅटचा असे जे आकार दुकानांत मिळतात, ते ह्या ताकदीचे आहेत. आमच्या अनुभवानें खेड्यांतील दहा कारागिरांपैकीं नऊ जण ओहम विचारतात आणि वॅट विचारीतच नाहींत.

एक साधें उदाहरण घेऊं. १२ व्होल्टांच्या सौर बॅटरीवर, चार्जिंग चालू असल्याचें दाखविणारा एक पांढरा एलईडी दिवा बसवावयाचा आहे. असा दिवा स्वतःवर सुमारें ३.२ व्होल्ट घेतो. त्यास २० मिलिअँपियर, म्हणजे एका अँपियरचा पन्नासावा भाग, एवढा प्रवाह पुरे. उरलेले ८.८ व्होल्ट रोधकानें घ्यावयाचे. ८.८ ला ०.०२ नें भागिलें म्हणजे ४४० ओहम येतात. आतां ४४० हा आंकडा साध्या दुकानांत बहुधा मिळत नाहीं. बाजारांतील नेहमींचे आंकडे १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ व ह्यांच्या दहापट, शंभरपट असे ठरलेले आहेत. प्रत्येक पायरी मागल्या पायरीपेक्षां सुमारें एक-पंचमांशानें वर. तेव्हां दिव्यासाठीं वरचा, म्हणजे ४७० चा घ्यावा. खालचा घेतला तर दिव्यावर ताण येतो.

येथें पुष्कळ जण थांबतात. पण वॅट काढून पाहूं. ८.८ व्होल्टांवर ह्या रोधकांत ०.१६ वॅटच्या थोडी वर उष्णता होते, म्हणून पाव वॅटचा चालेल असें वाटतें. परंतु १२ व्होल्टांची बॅटरी भर दुपारीं पॅनेलवर चार्ज होत असतां १४.४ व्होल्टांपर्यंत चढते. त्या वेळीं रोधकावर ११.२ व्होल्ट पडतात व उष्णता जवळजवळ ०.२७ वॅट होते. म्हणजे पाव वॅटची मर्यादा ओलांडली. आणि ती ओलांडली कधीं, तर वैशाखांतील दुपारीं, पत्र्याच्या बंद पेटींत. रोधकावर छापलेली ताकद साधारणतः ७० अंश सेल्सिअसपर्यंतच पुरी धरावयाची असते. त्यावर उष्णता वाढली कीं ती उतरत जाते. उन्हांतील पत्र्याच्या पेटीस हात लावून पाहिला आहे त्यास अधिक सांगावयास नको. म्हणून येथें अर्ध्या वॅटचाच बसवावा. हिशेबानें जे वॅट येतील त्यांच्या दुप्पट ताकदीचा रोधक घ्यावयाचा, हा नियम आम्ही पाळतों. किंमतींत फरक पैशांचा असतो.

रोधकावरील रंगीत पट्टे वाचण्याची रीति पुष्कळांस ठाऊक असेल. काळा म्हणजे शून्य, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८ व पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रोधकावर पहिले दोन पट्टे आंकडे देतात, तिसरा किती शून्यें लावावयाचीं तें सांगतो, व चौथा सोनेरी असेल तर शेंकडा ५ चा फरक संभवतो. पांच पट्ट्यांच्या निळसर रोधकावर पहिले तीन पट्टे आंकड्यांचे असतात, आणि शेवटचा तपकिरी असल्यास फरक शेंकडा १ चा. नवीन कार्डांवर राईएवढे चौकोनी रोधक असतात. त्यांवर १०३ असें लिहिलें असेल तर १० वर तीन शून्यें, म्हणजे १०,००० ओहम, असें वाचावें. परंतु रंगांवर फार विसंबूं नये असें आमचें मत आहे. निळ्या अंगावर तांबडा, तपकिरी व काळा हे तीन पट्टे संध्याकाळच्या उजेडांत चाळिशीं उलटलेल्या डोळ्यांस एकच दिसतात. मीटर लावावा, आणि मीटर लावतांना रोधकाचें एक टोंक कार्डापासून सोडवावें. नाहींतर शेजारच्या वाटांतून प्रवाह जाऊन मोजणी चुकते. पाटाला फांटे फुटलेले असतां मुख्य पाटाचें पाणी मोजावें, तशांतला तो प्रकार होतो.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावासा वाटला ती सांगतों. आमच्या माहितींतील एका बागाइतदाराच्या बोअरवर ५ अश्वशक्तीची सबमर्सिबल मोटार होती. पाणी संपलें तर मोटार आपोआप बंद व्हावी म्हणून एक पेटी बसविलेली होती. अशा पेटींत मोटारीच्या वायरीभोंवतीं एक छोटें कडें असतें. कारागीर त्यास 'सीटी' म्हणतात. मोटार जितका प्रवाह घेईल त्याचा ठराविक हिस्सा, समजा हजारावा, त्या कड्याच्या वेटोळ्यांत उत्पन्न होतो व तो एका रोधकांतून जातो. त्या रोधकावर जो दाब पडतो, त्यावरून पेटी मोटारीचा भार ओळखते. पाणी असतांना मोटार ७.५ अँपियर घेत होती, तेव्हां कड्यांतून ७.५ मिलिअँपियर, आणि १०० ओहमांवर ०.७५ व्होल्ट. पाणी तुटलें कीं मोटार हलकी पडून सुमारें ५ अँपियरांवर येई, म्हणजे ०.५ व्होल्ट. पेटी ०.५५ व्होल्टांस लावलेली. त्याखालीं दाब गेला कीं तिनें मोटार तोडावी.

वळवाच्या एका पावसांत वीज कडाडून ती पेटी बिघडली. दुरुस्त करणाऱ्यानें बाकी काम नीट केलें. पण १०० ओहमांचा रोधक त्याच्याजवळ नव्हता म्हणून 'जवळपासचा' १२० चा डाखून दिला. पेटी चालूं झाली, दिवे लागले, मोटार फिरली, सर्वांचें समाधान झालें. वास्तविक आतां काय झालें होतें? ५ अँपियरांस १२० ओहमांवर ०.६ व्होल्ट पडत होते. मोटार कोरडी फिरूं लागली तरी पेटीच्या हिशेबीं पाणी होतेंच. पुढल्या उन्हाळ्यांत, रात्रपाळीची वीज असतां, बोअरचें पाणी तुटलें. मोटार रात्रभर कोरडी फिरली आणि सकाळीं जळालेली निघाली. ती वर काढणें, भरून घेणें व पुन्हां सोडणें ह्यांत बारा दिवस गेले, आणि त्या बारा दिवसांत डाळिंबाच्या बागेचें जें झालें तें पाण्यावांचून बाग पाहिलेल्या वाचकांस सांगणें नलगे.

ह्या गोष्टींत कोणीं लबाडी केली नाहीं. १०० च्या जागीं १२० म्हणजे थोडकाच फरक, असें त्या कारागिरास प्रामाणिकपणें वाटलें. आणि एलईडी दिव्यापुरतें तें खरेंहि होतें. दिव्याच्या रोधकांत एक-पंचमांश फरक पडला तर उजेड किंचित् कमी होतो, कोणास कळतहि नाहीं. पण जेथें रोधक हें माप आहे, तेथें तो फरक म्हणजे शेराचा सव्वाशेर झाला. आमच्या खात्यांत साखळी एक कडी लांब असती तर साऱ्या गांवाची मोजणी चुकली असती; हें तसेंच आहे. अशा जागीं शेंकडा १ फरकाचाच रोधक घालावा. शेंकडा ५ चा १०० ओहमांचा दाणा प्रत्यक्षांत १०५ भरला, तर कोरड्या मोटारीस ०.५२५ व्होल्ट दाखवील. पेटी तोडील खरी, पण ०.०५ ची जी मोकळीक होती तिच्यांतली अर्धी त्यानें खाल्ली. उलट बाजूनें ८२ चा घातला, तर ६.५ अँपियरांवर नीट चालणारी मोटारहि पेटी मधूनच तोडूं लागेल, आणि शेतकरी कंटाळून पेटीच बाजूला काढून थेट जोडणी करील. असें केलेलें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे.

दुसरा प्रकार ह्याच्या अगदीं उलट आहे. तेथें माप चुकत नाहीं, पण काटकसर अंगाशीं येते. टाकींत तरंगता खटका सोडून, दोन साध्या सेलवर, म्हणजे ३ व्होल्टांवर, चालणारी सूचना-पेटी पुष्कळांकडे असते. टाकी भरली कीं खटका मिटतो, आणि तो मिटलेला असेपर्यंत एका रोधकांतून सेलचा प्रवाह वाहात राहतो. हा रोधक १,००० ओहमांचा असला तर ३ मिलिअँपियर जातात. चांगल्या सेलची सांठवण सुमारें २,००० मिलिअँपियर-तास धरली, तर ती ६६७ तासांत, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत संपते. तोच १०,००० चा केला तर नऊ महिने. मग कोणी हुषार मनुष्य म्हणतो, दहा लाख ओहमांचा घाला, सेल त्याच्या वयानेंच मरेल. हिशेब बरोबर आहे, पण तो कोरड्या खोलींतला हिशेब आहे. आषाढांत पेटींत ओल शिरते, वायरींच्या टोंकांवर शेवाळ व क्षार धरतात, आणि ती ओलच एक रोधक होऊन बसते. ह्या ओलीचा रोध समजा पांच लाख ओहम झाला. खटका उघडा असतां पेटीस पुरे ३ व्होल्ट दिसावयास हवेत. परंतु दहा लाखांचा रोधक व पांच लाखांची ओल ह्यांची वांटणी होऊन तिला १ व्होल्टच दिसतो. पेटी समजते टाकी भरली, आणि मोटार बंद करून टाकते. टाकी रिकामी, आठवड्यांतली तीन दिवसांची वीज फुकट. १०,००० च्या रोधकावर हीच ओल आली असती तर २.९४ व्होल्ट दिसले असते व कांहींहि बिघडलें नसतें.

तेव्हां मध्यें कोठेंतरी थांबावें लागतें. आमच्या मतें अशा पेटीस ४७,००० ते १,००,००० ओहम योग्य होत. एक लाखावर सेल वर्षानुवर्षें पुरतो, आणि पांच लाखांची ओल आली तरी २.५ व्होल्ट राहतात. पेटीस मेण किंवा लाखेचें रोगण चढवून ओल बाहेर ठेवली तर अधिक बरें. पण ती बाहेर राहीलच असें समजून रोधक निवडूं नये. अशीं उपकरणें पुष्कळदां कोरड्या कारखान्यांत बसून ठरविलीं जातात. कोंकणांतला किंवा घाटमाथ्यावरचा श्रावण त्यांस ठाऊक नसतो.

ओलीचा रोध नेहमीं शत्रूच असतो असें मात्र नाहीं. १९४० सालीं अमेरिकेंतील मिशिगन येथें बुयुकोस व मिक ह्या दोघांनीं जिप्समची वडी जमिनींत पुरून तिच्या रोधावरून जमिनीचा ओलावा ओळखण्याची रीति प्रसिद्ध केली, व ती आजहि उपयोगांत आहे. वडी वाळूं लागली कीं तिचा रोध चढतो. अशा वडीबरोबर जो कायम रोधक जोडावयाचा, तो पाणी देण्याच्या वेळीं वडीचा जेवढा रोध असेल त्याच्या आसपासचा घ्यावा. त्या जागीं मोजणी सर्वांत तीक्ष्ण असते. ह्याविषयीं स्वतंत्र लेख व्हावयास हवा.

तिसरी बाब दाबाची, ती थोडक्यांत सांगतों, कारण येथें जिवाशीं गांठ आहे. जुन्या स्टार्टरांवर नारिंगी उजेडाचा निऑनचा छोटा दिवा असतो. तो पेटल्यावर सुमारें ६० व्होल्ट स्वतःवर घेतो, बाकीचा दाब त्याच्या रोधकावर पडतो. एका फेजवर २३० व्होल्टांस २,२०,००० ओहमांचा रोधक लावला तर उष्णता ०.१३ वॅट होते व काम ठीक चालतें. तोच दिवा तसाच उचलून दोन फेजांमध्यें ४१५ व्होल्टांवर लावला तर ती ०.५७ वॅट होते. पाव वॅटचा दाणा कोळसा होतो आणि अर्ध्याचाहि पुरत नाहीं. शिवाय वॅट सोडून आणखी एक मर्यादा आहे, ती फारच थोड्यांस ठाऊक असते. रोधक किती दाब सोसूं शकतो ह्यालाहि हद्द आहे. पाव वॅटच्या साध्या रोधकास ती सुमारें २५० व्होल्टांची, अर्ध्या वॅटच्यास ३५० च्या आसपास. ओहम कितीहि मोठे असोत, ह्यापलीकडे ठिणगी अंगावरून उडी मारते. उपाय सोपा आहे. दोन रोधक एकामागें एक जोडावे, म्हणजे दाब व उष्णता दोन्ही वांटून जातात. २,२०,००० चे अर्ध्या वॅटचे दोन घातले तर प्रत्येकावर १७८ व्होल्ट व ०.१४ वॅटच्या सुमारास भार पडतो. पण हा हिशेब आम्ही वाचकांनीं तपासून पाहावा एवढ्यासाठींच दिला आहे; तीन फेजच्या पेटींत हात घालण्याचें काम परवानाधारक वायरमनचें आहे, आणि त्यानेंहि मुख्य खटका पाडूनच तें करावें. १२ व्होल्टांवर मुलांनीं शिकावें, ४१५ वर नव्हे.

आणखी एक संवय सुटावयास हवी. जळालेला रोधक दिसला कीं तो काढून तसाच दुसरा घालतात, आणि तोहि जळाला कीं अधिक वॅटचा जाड घालतात. हल्लीं बसविले जाणारे साधे रोधक आपण होऊन क्वचितच मरतात. रोधक जळालेला असेल तर तो बहुतेक साक्षीदार असतो, गुन्हेगार पुढें कोठेंतरी असतो: आंखडलेला ट्रान्झिस्टर, फुटलेला संधारक, उलटी जोडलेली बॅटरी. जाड रोधक घातल्यानें साक्षीदार जळावयाचा थांबतो व दोष आंत मुरत जातो. कित्येक कारखाने तर कांहीं रोधक मुद्दाम असे घालतात कीं बिघाड झाल्यास प्रथम तोच तुटावा व बाकीचें वांचावें. त्याच्या जागीं जाड दाणा घालणें म्हणजे फ्यूजऐवजीं खिळा ठोकणें होय.

ह्यावर कोणी म्हणेल, शेतकऱ्यानें हें सर्व शिकत बसावें काय? त्यानें नांगर धरावा, कार्ड कारागिरानें पाहावें. आम्हांस हें पटत नाहीं. सातबाऱ्याचा उतारा तलाठी लिहितो म्हणून तो वाचतां येऊं नये असें कोणी म्हणत नाहीं. ज्यांस तो वाचतां येत नव्हता त्यांचें काय झालें, तें आम्हीं तीस वर्षें कचेरींत बसून पाहिलें आहे. शेतकऱ्यानें डाख लावूं नये, पण काढलेला रोधक किती ओहमांचा होता, घातलेला किती ओहमांचा व किती वॅटचा आहे, हे प्रश्न त्यानें विचारावे, आणि दुरुस्तीच्या पावतीवर उत्तरें लिहून घ्यावीं. चांगला कारागीर ह्यानें रागावत नाहीं. उलट तक्रार करावयाची तर ती कांहीं कारखानदारांविषयीं आहे. ते पेटी विकतात व तिच्या आंतील जोडणीचा नकाशा देत नाहींत. कांहीं तर रोधकांवरील आंकडे खरडून टाकतात. ज्या वस्तूवर आमची बाग अवलंबून, तिच्यांत काय आहे हें सांगावयाचें नाहीं, हा व्यवहार सरळ नव्हे.

म्हणून आपल्या संस्थेनें सभासदांसाठीं एकत्र खरेदी करतांना, ज्या पेटीबरोबर नकाशा व रोधकांची यादी मिळेल तीच पेटी घ्यावी, अशी अट घालावी असें आम्ही सुचवितों. संस्थेच्या कचेरींत एक बरा मीटर व नेहमींच्या आंकड्यांच्या अर्ध्या वॅटच्या रोधकांची एक खणाची पेटी असावी, तसेच शेंकडा १ फरकाचे निवडक दाणे असावे. ह्या सर्वांचा खर्च एका मोटारीच्या दुरुस्तीहूनहि कमी येईल. ह्या अर्थाचा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेपुढें लेखी मांडणार आहों. ज्या सभासदांकडे बदललेलीं जुनीं कार्डें अडगळींत पडून असतील, त्यांनीं तीं भंगारांत न देतां सभेच्या दिवशीं बरोबर आणावीं. त्यांतील किती खरोखर निकामी आहेत हें तेथेंच मीटर लावून पाहतां येईल.